संशयित देवळात शिरला तर? धर्मस्थळातला आसरा कायद्याने कसा संपला आणि आज प्रत्यक्षात काय करायचं

विचारलेलं असं आहे: गंभीर गुन्ह्यातला संशयित देऊळ, मशीद, गुरुद्वारा किंवा चर्चमध्ये जाऊन बसला, तर पोलिसांना आत शिरून त्याला पकडता येतं का? विश्वस्तांची परवानगी लागते का? पूर्वी धर्मस्थळात शिरलेल्याला कोणी हात लावू शकत नसे म्हणतात, तो हक्क नेमका काय होता आणि कधी गेला? आणि आम्ही विश्वस्त असलो तर आमच्यावर काय जबाबदारी येते?

पकडता येतं. परवानगी लागत नाही. मात्र सूचना द्यावी लागते. परवानगी आणि सूचना यांची गल्लत दोन्ही बाजूंनी होते. विश्वस्तांना वाटतं, आमच्या होकाराशिवाय पोलीस पायरी चढू शकत नाहीत. पोलिसांना वाटतं, परवानगी लागत नाही म्हणजे कोणाला काही सांगायचीही गरज नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि अशा प्रसंगात जे बिघडतं ते बहुतेक इथूनच बिघडतं.

आधी जुना हक्क पाहू, कारण आजच्या नियमांची मुळं तिथे सापडतात.

या हक्काचे सगळ्यात तपशीलवार नियम इंग्लंडमध्ये होते. वेसेक्सचा राजा आयनी याच्या सातव्या शतकाअखेरच्या कायद्यातच असं होतं, की देहदंडाला पात्र असलेला माणूस चर्चमध्ये पोचला तर त्याचा जीव वाचेल, पण त्याला भरपाई द्यावी लागेल. म्हणजे सुरुवातीपासून ही माफी नव्हती. रक्ताला रक्त मागणाऱ्या नातेवाइकांच्या हाती तो लगेच पडू नये आणि मधल्या काळात तडजोड व्हावी, एवढाच हेतू. ज्या काळात पोलीस नव्हते, जामीन जवळजवळ नव्हता आणि पकडलेल्या माणसाला जागीच संपवलं जाई, त्या काळात ही सोय रानटी नव्हती, उलट शहाणपणाची होती.

पुढे त्याची रीतसर पद्धत बसली. कोणत्याही साध्या चर्चमध्ये आसरा मिळे तो ४० दिवस. तेवढे दिवस गावकऱ्यांनी चर्चभोवती रात्रंदिवस पहारा द्यायचा आणि माणूस निसटला तर दंड गावाने भरायचा. या मुदतीत कोरोनर नावाचा राजाचा अधिकारी येई. त्याच्यापुढे गुन्हा कबूल करायचा आणि देश कायमचा सोडण्याची शपथ घ्यायची. त्याची मालमत्ता जप्त होई. कोरोनर बंदर ठरवून देई, हातात लाकडी क्रूस घेऊन राजरस्त्याने तिथवर चालत जायचं, आणि रस्ता सोडला तर संरक्षण संपलं. जहाज मिळेपर्यंत रोज समुद्रात उतरून उभं राहायचं, म्हणजे जायची तयारी आहे हे लोकांना दिसेल. डरहॅम, बेव्हर्ली, वेस्टमिन्स्टर, सेंट मार्टिन ल ग्रँड अशा काही ठिकाणांना वेगळे अधिकार होते. डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये मुदत ३७ दिवसांची होती. तिथल्या नोंदींप्रमाणे १४६४ ते १५२४ या ६० वर्षांत तीनशेहून अधिक लोकांनी दार ठोठावलं आणि त्यातले बहुतेक मनुष्यवधाच्या आरोपातले होते.

बिघडलं ते खास अधिकार असलेल्या ठिकाणी. साध्या चर्चमध्ये ४० दिवसांची मर्यादा होती, पण वेस्टमिन्स्टरसारख्या ठिकाणी माणूस वर्षानुवर्षं राहू शके. दिवसा आत, रात्री बाहेर जाऊन चोरी, पहाटे पुन्हा आत, असा धंदाच सुरू झाला. मुदत नसलेला आसरा टिकत नाही, हे तिथे दिसलं.

हा हक्क एका फटक्यात गेला नाही, कडेकडेने कापला गेला. १४८६ मध्ये हंफ्री स्टॅफर्ड या बंडखोराला आसऱ्याच्या जागेतून ओढून काढलं आणि न्यायाधीशांनी ठरवलं की राजद्रोहाला हे संरक्षण लागू नाही. त्याच वर्षी पोप आठवा इनोसंट यानेही सवलत आखडली: आत राहून बाहेर पुन्हा गुन्हा करणाऱ्याचं संरक्षण जाईल. १५२९ मध्ये देश सोडणाऱ्याच्या अंगठ्यावर खूण डागायचं ठरलं. १५३० नंतर त्याला देशाबाहेर पाठवणंच थांबवलं, कारण हे लोक परदेशात जाऊन इंग्रजी धनुर्विद्या शिकवतात अशी तक्रार होती. १५३६ मध्ये आत राहणाऱ्यांनी बिल्ला लावायचा, शस्त्र बाळगायचं नाही आणि रात्री बाहेर पडायचं नाही, असा नियम आला.

मोठा घाव १५४० चा. आठव्या हेन्रीच्या त्या कायद्याने खून, बलात्कार, घरफोडी, वाटमारी, जाळपोळ आणि चर्चमधली चोरी या गुन्ह्यांना आसरा बंद केला. खास जागा रद्द केल्या आणि त्यांच्या बदल्यात आठ शहरं नेमून दिली: वेल्स, वेस्टमिन्स्टर, नॉर्दॅम्प्टन, नॉरिच, यॉर्क, डर्बी, मँचेस्टर आणि लाँसेस्टन. एका शहरात एका वेळी जास्तीत जास्त २० माणसं. कागदावर हे नेटकं दिसतं, पण मँचेस्टरचं उदाहरण पाहा. तिथे लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं, सूत आणि कापड उघड्यावर वाळवायला आणि पांढरं करायला टाकलेलं असे. चोरांना त्याच गावात कायदेशीर जागा मिळाल्यावर कापड जाऊ लागलं आणि धंदा बसू लागला. गावाने गाऱ्हाणं केलं, तेव्हा तो मान चेस्टरला दिला. चेस्टरलाही नको होता, म्हणून शेवटी स्टॅफर्डला. आरोपी सांभाळण्याचं ओझं आपल्या गावावर कोणालाच नको होतं, हे त्यातून उघड झालं. १६२४ मध्ये पहिल्या जेम्सच्या काळात संसदेने एका ओळीत विषय संपवला: यापुढे कोणत्याही प्रकरणात आसऱ्याचा हक्क मान्य होणार नाही. कर्जबुडव्यांचे लंडनमधले अड्डे मात्र पुढेही राहिले आणि ते मोडायला १६९७ आणि १७२३ चे वेगळे कायदे लागले.

इतरत्र वेळापत्रक वेगळं होतं. इटलीतल्या पीडमाँटमध्ये १८५० च्या सिक्कार्दी कायद्यांनी चर्चमधला आसरा गेला. कॅथॉलिक चर्चच्या १९१७ च्या संहितेत तो लिहिलेला होता: निकडीचा प्रसंग सोडला तर चर्चप्रमुखाच्या संमतीशिवाय आतल्या माणसाला बाहेर काढू नये. १९८३ च्या संहितेत ते कलम नाही. वसई किंवा गोव्यातल्या एखाद्या जुन्या पुस्तकाच्या आधारे कोणी ‘चर्चचा नियम’ सांगितला, तर तो १९१७ च्या संहितेतला असण्याची शक्यता जास्त. तो आज चर्चच्या स्वतःच्या कायद्यातही नाही.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला, की त्या ४० दिवसांत माणसाला जे मिळत होतं ते नाहीसं झालं नाही, ते कायद्यात शिरलं. जमावापासून संरक्षण, आरोप काय आहे ते कळणं, एका स्वतंत्र अधिकाऱ्यासमोर उभं राहण्याची संधी आणि जीव वाचवण्याची वाट या गोष्टी आज अटकेच्या कारणांत, २४ तासांच्या नियमात, जामिनात आणि वकिलाच्या हक्कात आहेत. म्हणून देवळात शिरणाऱ्या पोलिसाने हे हक्क सोबत घेऊनच शिरायला हवं. ते बाहेर ठेवून तो आत गेला, तर जुन्या हक्काच्या जागी काहीच उरत नाही.

आता भारत. शरण आलेल्याला अभय द्यावं ही आपल्याकडची फार जुनी आणि आदरणीय भावना आहे, पण ब्रिटिश काळापासूनच्या फौजदारी प्रक्रियेत धर्मस्थळाला अटकेतून सूट कधीच नव्हती. १८९८ च्या संहितेतलं ४७ वं कलम, १९७३ च्या संहितेतलं ४७ वं कलम आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं ४४ वं कलम, तिन्हींचा गाभा एकच. शब्द आहे ‘कोणतीही जागा’. देऊळ, दर्गा, मठ, विहार सगळं त्यात येतं. संविधानाच्या २५ व्या आणि २६ व्या अनुच्छेदांतलं धर्मस्वातंत्र्यही सार्वजनिक सुव्यवस्थेच्या अधीन आहे. अटकेसाठी आधी प्रमुखाची परवानगी लागते अशा जागा आहेत, पण त्या वेगळ्या: संसद आणि विधिमंडळाचं आवार, आणि परकीय दूतावास.

मग १९८८ चा वेगळा कायदा कशाला करावा लागला? अमृतसरमुळे. २५ एप्रिल १९८३ ला पंजाब पोलिसांचे उपमहानिरीक्षक ए. एस. अटवाल यांना सुवर्णमंदिराच्या दाराशी, दर्शन घेऊन बाहेर पडताना गोळ्या घातल्या गेल्या आणि पोलीस मारेकऱ्यांच्या मागे आत गेले नाहीत. आत जाण्याचा अधिकार त्या दिवशीही कायद्यात होता. निर्णय नव्हता. त्यानंतर आत शस्त्रं साठली, तटबंदी झाली, आणि जे काम एका पोलीस तुकडीचं होतं ते जून १९८४ मध्ये सैन्याला करावं लागलं. त्याची किंमत सगळ्या देशाने मोजली, सर्वांत जास्त शीख समाजाने. मे १९८८ मध्ये त्याच मंदिरात झालेल्या ‘ब्लॅक थंडर’ कारवाईत वेगळा मार्ग घेतला गेला: वेढा, वाट पाहणं आणि शरणागती. ती १८ मे रोजी संपली आणि २६ मे रोजी अध्यादेश निघाला. त्याचंच पुढे ‘धार्मिक संस्था (दुरुपयोगास प्रतिबंध) अधिनियम, १९८८’ झालं.

या कायद्याने पोलिसांना नवा अधिकार दिलेला नाही. ओझं टाकलं ते संस्था चालवणाऱ्यांवर. विश्वस्तांनी वाचायला हवीत अशी त्यातली कलमं सांगतो.

कलम ३ प्रमाणे संस्थेने किंवा व्यवस्थापकाने आवार कशासाठी वापरू द्यायचं नाही याची यादी आहे. कोणत्याही गुन्ह्यातल्या आरोपीला किंवा दोषीला आसरा देणं, शस्त्रं किंवा दारूगोळा साठवणं, बेकायदा माल ठेवणं, परवान्याविना तळघर, बुरूज, भिंत यांसारखं बांधकाम करणं हे सगळं त्यात आहे. राजकीय प्रचारही आहे, पण तो इथला विषय नाही. कलम ४ प्रमाणे शस्त्र घेऊन येणाऱ्याला आत घेता येत नाही. त्याला दोन अपवाद: शिखांचं कृपाण, आणि प्रथेप्रमाणे धार्मिक विधीचा भाग असलेली शस्त्रं. नांदेडच्या तख्त सचखंडला पहिला अपवाद रोज लागू असतो. जेजुरीचा दसऱ्याचा खंडा दुसऱ्यात बसतो. विधीच्या नावाखाली परवान्याविना ठेवलेलं पिस्तूल बसत नाही.

कलम ७ प्रमाणे शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. कलम ८ फार थोड्यांना माहीत असतं: दोषी ठरलेला व्यवस्थापक किंवा कर्मचारी पदावरून जातो आणि शिक्षेच्या तारखेपासून ६ वर्षं अपात्र राहतो. एवढंच नाही. आरोपपत्र दाखल झाल्यावर न्यायालयाला प्रथमदर्शनी तथ्य दिसलं, तर खटला चालू असतानाच त्याला अधिकार वापरण्यापासून रोखलं जातं. कलम ९ प्रमाणे उल्लंघन होतंय किंवा होणार आहे हे कळलं की पोलिसांना कळवणं हे व्यवस्थापकाचं आणि कर्मचाऱ्याचंही कर्तव्य आहे. शिवाय लोकप्रतिनिधित्व कायद्यात या शिक्षेमुळे निवडणूक लढवण्याची अपात्रता येते. देवस्थानाच्या मंडळावर असलेल्या नगरसेवकांनी आणि आमदारांनी हे लक्षात ठेवावं.

‘व्यवस्थापक’ म्हणजे केवळ अध्यक्ष नव्हे. संस्थेचा कारभार एकट्याने किंवा इतरांबरोबर चालवणारा कोणीही, धार्मिक अधिकारीसुद्धा. वक्फचा कारभार पाहणारा मुतवल्ली, गुरुद्वाऱ्याचे मुख्य ग्रंथी, मठाधिपती, पॅरिशचे फादर, कारभार हाती असलेला पुजारी, सगळे येतात. तपास अधिकाऱ्याची नेहमीची चूक इथेच होते: तो धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट १ चा उतारा, म्हणजे विश्वस्तांच्या नावांची सरकारी नोंद, आणतो आणि त्यावरच्या विश्वस्तांना आरोपी करतो. पण विश्वस्त बदलल्याचे अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित असतात. उताऱ्यावर मृत माणसं असतात आणि प्रत्यक्ष कारभार दुसरेच पाहत असतात. उताऱ्याबरोबर बैठकांचं इतिवृत्त, बँकेत सही कोणाची चालते आणि किल्ल्या कोणाकडे असतात, हे तिन्ही पाहावं.

आसरा देण्याचा गुन्हा सिद्ध व्हायला माहिती असणं महत्त्वाचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २४९ मध्ये गुन्हेगार आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून लपवणं लागतं. मूळ गुन्ह्याला फाशीची शिक्षा असेल तर आसरा देणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत, जन्मठेप किंवा १० वर्षं असेल तर ३ वर्षांपर्यंत. पती किंवा पत्नीला यातून सूट आहे, भाविकाला किंवा पुजाऱ्याला नाही. अन्नछत्रात रांगेत बसून जेवलेल्या अनोळखी माणसामुळे कोणी आरोपी होत नाही. भक्तनिवासात ओळखपत्राची प्रत घेऊन, नोंदवहीत सही घेऊन खोली दिली असेल, तर ती नोंदवहीच संस्थेचा सगळ्यात चांगला बचाव असते. उलट, नोंद न करता मागच्या ओवरीत चार दिवस राहू दिलेला माणूस आणि त्याच्यासाठी वेगळा जाणारा डबा, यातून ‘माहिती’ सिद्ध होते.

आता प्रत्यक्ष अटक कशी व्हावी. इथून पुढे कायद्याचं नाव न घेता ‘कलम’ म्हटलं असेल, तर ते नागरिक सुरक्षा संहितेचं समजावं.

आधी गुन्हा पाहायचा. ७ वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल, तर बहुतेक वेळा अटकेची गरजच नसते. कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस सभामंडपाच्या पायरीवरही बजावता येते. एवढ्याने सुटणाऱ्या प्रकरणात वीस पोलीस घेऊन आत शिरणं म्हणजे विनाकारण पेटवणं. अदखलपात्र गुन्हा असेल तर वॉरंटशिवाय विषयच नाही.

अटक करायचीच असेल तर निघण्यापूर्वी स्टेशन डायरीत नोंद: गुन्हा क्रमांक, संशयित आत आहे असं मानण्याचं कारण, माहिती मिळाल्याची वेळ. कलम ४४ चा पाया हे ‘मानण्याचं कारण’च आहे. नंतर लिहिलेलं कारण उलटतपासणीत टिकत नाही.

मग बाहेर पडण्याच्या वाटा. देवळात महाद्वार एक दिसतं, पण ओवऱ्यांमागून, अन्नछत्राच्या स्वयंपाकघरातून, पुजाऱ्यांच्या घरांकडून वाटा असतात. मशिदीत वजूखान्याच्या बाजूला, चर्चमध्ये पवित्र वस्त्रांच्या खोलीतून मागे दार असतं. या सगळ्यांवर माणसं लागल्यावरच पुढचं पाऊल.

त्यानंतर सूचना. जागेचा ताबा असलेल्या माणसाला, म्हणजे व्यवस्थापक, पुजारी किंवा पहारेकरी जो असेल त्याला, तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या: मी कोण, कोणासाठी आलोय, आत जाऊ द्या. कायद्याप्रमाणे त्याने मोकळेपणाने आत जाऊ देणं आणि शोधाला वाजवी मदत करणं बंधनकारक आहे. अधिकार आणि हेतू सांगूनही दार उघडलं नाही, तरच आतलं किंवा बाहेरचं दार अथवा खिडकी फोडता येते. मागणी न करता फोडलेलं दार हा अधिकाराच्या साखळीतला पहिला तुटलेला दुवा असतो. ही मागणी मोबाइलवर वेळेसह चित्रित करावी, तीस सेकंद पुरतात. साध्या वेशातल्या पोलिसांनी हे कधीच टाळू नये. कलम ३६ प्रमाणे नाव दिसेल असा बिल्ला लागतो, आणि बिल्ल्याशिवाय आत शिरलेल्या चार माणसांना भाविक अपहरणकर्ते समजून मारायला धावतात, त्यात भाविकांचा दोष नसतो.

घाई कधी करायची, कधी नाही? माझं स्पष्ट मत असं: संशयिताकडे शस्त्र आहे, ओलीस आहे किंवा तो पुरावा नष्ट करतोय, तर क्षणभरही थांबू नये. बूट काढण्यासाठीही नाही. तसं काही नसेल तर आरती, सामूहिक नमाज किंवा मिस्सा संपेपर्यंत थांबावं. गाभाऱ्याला सहसा एकच दार असतं, आत गेलेला माणूस कुठेच जात नाही. पंधरा मिनिटं थांबल्याने तपासाचं काही बिघडत नाही, न थांबल्याने गाव बिघडू शकतं. बूट काढणं, गुरुद्वाऱ्यात डोकं झाकणं ही कायद्याने घातलेली अट नाही, पण तेवढं करायला काही खर्च येत नाही. न्याय संहितेच्या कलम २९८ मध्ये अपमानाचा हेतू किंवा लोक अपमान समजतील ही जाणीव लागते, कलम ३०० मध्ये उपासना मुद्दाम भंग करणं लागतं. कर्तव्य बजावणारा पोलीस त्यात बसत नाही. पण गरज नसताना बुटाने गाभाऱ्यात गेल्याची चित्रफीत तासाभरात तालुकाभर फिरते आणि मूळ गुन्हा बाजूला पडतो. बाहेर नेतानाही तसंच. कलम ४३(३) मुळे खून, बलात्कार अशा गुन्ह्यांत बेडी घालता येते, पण तो माणूस पळण्याच्या स्थितीत नसेल तर ती वाहनाजवळ घालावी.

दोन ठिकाणी विशेष काळजी हवी. आवारातलं पुजाऱ्याचं घर ही स्वतंत्र जागा. देवळात असल्याची माहिती म्हणजे घरात असल्याची माहिती नव्हे, त्यासाठी वेगळं कारण लिहावं लागतं. तिथे पडदा पाळणाऱ्या स्त्रिया राहत असतील, तर त्यांना बाहेर पडण्याची सूचना आणि सोय आधी द्यायची. आणि संशयित स्त्री असेल, तर सूर्यास्त ते सूर्योदय अटक नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. मठात, आश्रमात, कॉन्व्हेंटमध्ये हे हमखास विसरलं जातं.

पंचांबद्दल एक बारकावा. कलम ४४ खालचा शोध माणसाचा आहे. त्याला कलम १०३ चे पंच काटेकोरपणे लागत नाहीत. पण आत रक्ताचे कपडे, कोयता, रोकड सापडली की तो वस्तूंचा शोध होतो: दोन स्वतंत्र पंच, जागेवरचा पंचनामा, कलम १०५ प्रमाणे चित्रीकरण आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे. कलम १८५ खाली झडती घेतली असेल तर नोंदींची प्रत ४८ तासांच्या आत. म्हणून पंच सुरुवातीपासून सोबत असलेले बरे. ते गावातले हवेत, पण देवस्थानाच्या वादातल्या दुसऱ्या गटाचे नकोत. अटक पत्रकावर साक्षीदार म्हणून विश्वस्ताची सही घेऊ नये, कारण उद्या तोच १९८८ च्या कायद्याखाली आरोपी होऊ शकतो. गाभाऱ्यात अटक झाली असेल, तर देवाचे दागिने आणि दानपेटीचं कुलूप जागेवर असल्याचं पुजाऱ्याकडून लगेच लिहून घ्यावं. महिनाभराने ‘हार गेला’ अशी तक्रार आली की या कागदावाचून पोलिसाला उत्तर नसतं. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) घेतला, तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागेल.

झडतीत चूक झाली म्हणून सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूरण मल प्रकरणात मानलेलं आहे. पण अटकेची कारणं न कळवल्यास अटकच बेकायदा ठरते, आणि पुरावा टिकूनही आरोपी बाहेर जातो. २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की कारणं लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत हवीत. तिथल्या तिथे लेखी देणं अशक्य असेल तर तोंडी सांगून रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यावीत. देवळातल्या गडबडीत हेच राहतं. छापील नमुना खिशात ठेवावा.

चर्चमधल्या पापकबुलीबद्दलही नेहमी विचारलं जातं. चर्चच्या कायद्याने फादरना ती उघड करायला सक्त मनाई आहे. भारतीय साक्ष कायद्यात मात्र वकिलाशी झालेल्या बोलण्यासारखं संरक्षण तिला दिलेलं नाही. संशयिताने कबुली दिली आणि निघून गेला, यामुळे फादर आसरा देणारे ठरत नाहीत. तो राहिला आणि त्यांनी ठेवून घेतला, तर ठरू शकतात.

परदेशातल्या वाचकांसाठी थोडं. अमेरिकेत चर्च, देवळं, शाळा इथे स्थलांतरविषयक धरपकड टाळावी अशी प्रशासकीय सूचना होती. ती जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतली गेली. ती असतानाही गुन्ह्यातल्या आरोपीला संरक्षण नव्हतंच. ब्रिटनमध्ये विराज मेंडिस हा श्रीलंकेचा नागरिक मँचेस्टरच्या चर्चमध्ये दोन वर्षांहून जास्त राहिला. १८ जानेवारी १९८९ ला पोलीस आत शिरले आणि त्याला देशाबाहेर पाठवलं. १६२४ नंतर तिथे लोकांची सहानुभूती मिळते, हक्क मिळत नाही.

शेवटी विश्वस्तांना पडणारा सगळ्यात अवघड प्रसंग. माणूस स्वतः येऊन सांगतो, ‘माझ्या हातून झालंय, बाहेर लोक मारतील.’ त्याला हाकलू नये. जमावाच्या हाती देणं पाप तर आहेच, त्यात तुम्ही गुन्ह्याचे भागीदारही होऊ शकता. त्याला उजेडात, सीसीटीव्हीसमोर, दोन जबाबदार माणसांच्या सोबतीने बसवा. पाणी द्या. लगेच ११२ आणि स्थानिक ठाण्याला फोन करा आणि फोनची वेळ संस्थेच्या वहीत लिहा. पोलिसांना कळवून त्यांच्या येण्यापर्यंत जीव सांभाळणं म्हणजे आसरा देणं नव्हे, कारण आसऱ्यात अटक चुकवण्याचा हेतू असतो. घटनेबद्दल खोदून विचारू नका, कपडे बदलू देऊ नका, हात धुवू देऊ नका. नातेवाइकांना आणि वकिलाला कळवायची त्याची इच्छा असेल तर कळवू द्या. पोलीस आले की ते किती वाजता आले आणि त्यांनी त्याला किती वाजता ताब्यात घेतलं, हेही वहीत लिहा. दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याचे २४ तास त्याचं बाहेर जाणं पोलिसांनी रोखलं त्या क्षणापासून मोजायचे असतात, ठाण्यात नोंद झाली त्या वेळेपासून नव्हे, आणि न्यायालयात तो क्षण दाखवणारा एकमेव तटस्थ कागद अनेकदा देवस्थानाची ही वहीच असते.